तुम्ही विचारलंत म्हणून: बेसबॉलमधल्या एवढ्या पिचरांत बंपस जोन्सचंच कौतुक का?

"दोन मॅच जिंकलेल्या पिचरचं एवढं काय कौतुक?" बंपस जोन्सचं नाव काढलं की हे ठरलेलं. (पिचर म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा; मॅचमधला विजय किंवा पराभव संघातल्या एका पिचरच्या नावावर लागतो.) आणि पाठोपाठ, "म्हणजे आपला हिरवाणीच की!" अजिबात नाही. आपले फिरकी गोलंदाज नरेंद्र हिरवाणींनी पहिल्या कसोटीत १६ विकेट घेतल्या आणि पुढच्या १६ कसोटींत आणखी ५०. जोन्सच्या वाट्याला असं 'पुढचं' आलंच नाही.

त्याची एकच दुपार आहे. १५ ऑक्टोबर १८९२, सीझनचा शेवटचा दिवस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सीडरव्हिलचा बावीस वर्षांचा पोरगा, मेजर लीगमधली, म्हणजे अव्वल दर्जाच्या बेसबॉलमधली, पहिलीच मॅच. मॅनेजर कॉमिस्कीने त्याला सिनसिनाटीकडून पिट्सबर्गसमोर उभं केलं. चौघांना त्याने वॉक दिला (चार वाईट बॉल पडले की बॅटरला रनच्या वाटेवरचा पहिला टप्पा, पहिला बेस, फुकट मिळतो), एका एररमुळे, म्हणजे फील्डिंगमधल्या चुकीमुळे, एक रनही गेला. पण नऊ इनिंग्ज संपल्या तरी एकालाही स्वतःच्या फटक्यावर पहिला बेस गाठता आला नाही. ७-१. मेजर लीगमधल्या पहिल्याच हजेरीत अशी मॅच, म्हणजे नो-हिटर, टाकणारा तो आजही एकटाच आहे. चार वॉक म्हणजे बॉलवर ताबा कच्चा होता, हे मान्य. नशीबही म्हणा. पण नशिबावर सत्तावीस जण बाद होतात?

मग १८९३ आलं. तोवर पिचर चौकटीत उभा राहायचा, तिची पुढची रेघ होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथपासून, ५० फुटांवर. चौकट गेली, पाय टेकवायची पट्टी आली, अंतर झालं ६० फूट ६ इंच. चौकटीत मागचा पाय साडेपंचावन्न फुटांवर असायचा, म्हणजे खरा फरक पाच फुटांचा. त्या वर्षी सिनसिनाटी आणि न्यूयॉर्क मिळून सात मॅच, त्याच्या नावावर एक विजय, चार पराभव, दर नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर दहाहून जास्त रन. त्याची मेजर लीग तिथेच संपली.

पूर्वी मी ठासून सांगायचे, नियमानेच त्याचा घात केला. त्यावर कुणीतरी त्याच काळातल्या साय यंग या पिचरचं नाव काढतंच. तोही तेवढाच मागे सरकला आणि त्याच साली ३४ मॅच जिंकला. बरोबर आहे. पण यंग तीन सीझन खेळून मुरलेला होता, जोन्सच्या गाठीशी एक मॅच. एवढ्यावर दोघांना एकाच मापाने मोजायचं, हे मला अजूनही पटत नाही.

पुढे कित्येक वर्षं जोन्स खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये टाकत होता, म्हणजे हात संपला नव्हता. मग त्याला परत वर का कुणी बोलावलं नाही, हे विचारा ना कधीतरी!