टोपडं विणून झालं, फोटो काही मंजूर होईना

‘छायाचित्र निकषांत बसत नाही.’ एवढंच एक वाक्य. कुठलं छायाचित्र, कुठला निकष, काय कमी पडलं, काही नाही. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता कुणी नुसतं ‘निकष’ म्हटलं तरी माझं डोकं उठतं. एका संस्थेच्या हस्तकला विक्री-प्रदर्शनात हातविणीच्या वस्तूंचा स्टॉल मिळावा म्हणून मी अर्ज केला होता. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण स्टॉल शेवटी मिळाला आणि पुढच्या वर्षीही मला तिथंच अर्ज करायचाय.

आधी वस्तूंबद्दल. सोलापुरात राहून विणकाम करते म्हटलं की बाहेरगावचे लोक हसतात. आमच्याकडं थंडी म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे थोडे दिवस. मार्च उजाडला की अंगावर ओढणीसुद्धा नको होते. त्यामुळं स्वेटर विणून विकायचा विचारच केला नाही. बाळंतविड्याच्या वस्तू धरल्या: टोपडं, पायमोजे, लाळेरं. बाळं उन्हाळ्यातही जन्मतात आणि आज्यांना टोपडं लागतंच. जोडीला भांडी पुसायची जाड सुती फडकी. सुताला या गावात तोटा नाही. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, घराघरांत कुणी ना कुणी मागाशी संबंधित असतं. फक्त मागावरचं सूत बारीक असतं, एकाच पदरानं हातविणीला घ्याल तर डोळे जातील. मी चार-पाच पदर एकत्र धरून गुंडी करून घेते. लाल, मरून असे गडद रंग विणायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघावेत. फडक्यावर रंग उतरला तर ते सूत लाळेऱ्याला अजिबात वापरू नका, बाळ ते तोंडातच घालणार.

नुकत्याच सुया हातात घेतलेल्या बायकांनी फडक्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सगळ्या ओळी सुलट विणायच्या. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण घातली की कडा गुंडाळायला लागतात आणि नवशिकीला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, ती वीणच तशी असते. म्हणून तर टोपड्याच्या काठाला एक टाका सुलट, एक टाका उलट अशी पट्टी घालतात. माझं टोपडं फोर प्लाय म्हणजे चारपदरी बारीक लोकरीचं, १० नंबरच्या सुयांवर. आपल्याकडं नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. या सुयांवर १० सेंटिमीटरांत साधारण २८ टाके बसतात. नवजात बाळाचं डोकं ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, वीण ताणली जाते, म्हणून ३२ सेंटिमीटर धरायचे आणि ९० टाके घालायचे. पण आपल्या हातानं एक छोटा नमुन्याचा तुकडा आधी विणून त्यातले टाके मोजा. माझ्या जावेचा हात इतका घट्ट आहे की तिच्या ९० टाक्यांत बाहुलीचं डोकंसुद्धा जाणार नाही.

अर्जाला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, लागत होती. ती आधार आणि पॅनवर घरबसल्या झाली. ती फुकट असते, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे एवढं ध्यानात ठेवा. बाकी पासबुक वगैरे जोडलं. मग आले फोटो.

अटी वाचायला अगदी साध्या. प्रत्येक वस्तूचे तीन फोटो. जेपीजी. ५०० केबीच्या आत. पांढरी पार्श्वभूमी. फोटोवर नाव, तारीख काही छापलेलं नको. मी पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरली, खिडकी उघडली, मोबाइलवर फोटो काढले, पाठवले. नामंजूर. चादरीला सुरकुती होती म्हणून इस्त्री करून पुन्हा. नामंजूर. मग म्हटलं पैसे गेले तर गेले, स्टुडिओत जाऊ.

स्टुडिओवाल्यानं समोरून दोन मोठे दिवे मारले. पार्श्वभूमी शुभ्र आली, कबूल. पण समोरून एवढा उजेड पडला की विणीतला एकही टाका दिसेना, टोपडं जणू होजिअरीच्या कापडाचं शिवलंय. वर त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी करून माझं मरून टोपडं लालभडक केलं. ‘‘उठून दिसतंय बघा काकू.’’ उठून दिसत होतं, पण ते माझं टोपडं नव्हतं. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, फोटोत एक रंग आणि हातात एक. तरीही पार्श्वभूमीसाठी म्हणून तेच फोटो पाठवले. दोन दिवसांनी तेच वाक्य. निकषांत बसत नाही.

इथं माझा संयम संपला. पांढरं हवं होतं ते पांढरं दिलं, आता काय हवंय? मदत क्रमांक लागायचा नाही आणि लागला की ‘‘पोर्टलवर स्थिती बघा’’ म्हणायचे. पोर्टलवर स्थिती बघून तर फोन केला होता! ईमेलला उत्तर आलं ते आपोआप जाणारं, ‘आपला संदेश आम्हाला मिळाला आहे’. पुण्यातली भाची म्हणाली, ‘‘आत्या, फाइलचा साइज बघितलास का?’’ बघितला होता. ४०० केबीच्या आतच होता. ‘‘मग नाव मराठीत दिलं असशील फाइलला.’’ तेही बदललं. अर्जाची मुदत जवळ येत चाललेली आणि टोपडी डब्यात घडी घालून पडलेली.

शेवटी कार्यालय गाठलं. बाहेरच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, ‘‘अर्ज ऑनलाइन आहे मॅडम, इथं काही होत नाही.’’

‘‘मग नामंजूर कोण करतं?’’

‘‘सिस्टीम.’’

‘‘सिस्टीमला टोपडं कळतं का?’’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि बसा म्हणाले. बसले. जेवणाची सुट्टी झाली, सुट्टी संपली, मी बसलेलीच. पिशवीत पायमोज्याचं अर्धवट विणकाम होतं म्हणून बरं, नाहीतर त्या बाकावर माझं कुणाशी तरी भांडण ठरलेलंच होतं. (कुठल्याही कार्यालयात जाताना विणकाम सोबत न्यावं. वेळ जातो आणि येणारे-जाणारे आपणहून चौकशी करतात.) तसंच झालं. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर ऑपरेटर पाणी प्यायला बाहेर आला, सुया बघून थांबला आणि म्हणाला, ‘‘काकू, कशासाठी बसलाय?’’

सांगितलं. अर्जाचा क्रमांक दिला. तो आत गेला आणि मिनिटभरात हाक मारली, ‘‘हे काय दिसतंय बघा की तुम्हीच.’’ त्यानं मॉनिटर माझ्याकडं फिरवला.

पडद्यावर माझ्या टोपड्याचा नुसता मधला पट्टा होता. वरचा गोंडा गायब. खालचे बंद गायब. पायमोज्यांच्या जागी एका मोज्याची टाच आणि दुसऱ्याचं टोक. लाळेऱ्याचा गळाच नाही, त्यामुळं ते लाळेरं आहे हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. झालं असं की पोर्टल कुठलाही उभा फोटो वरून-खालून कापून चौकोनी, म्हणजे उंची-रुंदी सारखी असलेला, करून घेतं. तपासणाऱ्याला तो कापलेला तुकडाच दिसतो. अर्जदाराला आपल्या बाजूनं मात्र अख्खा फोटो दिसत राहतो. स्टुडिओवाल्याचे फोटोही उभेच होते.

‘‘चौकोनी पाहिजे हे लिहिलंय कुठं?’’

‘‘लिहिलेलं नाही. पण सगळ्यांचं असंच होतंय की.’’ आणि शेजारच्याकडं वळून, ‘‘का बे, त्या मातीच्या भांडीवाल्यांचं पण हेच झालं होतं ना?’’

सगळ्यांचं असंच होतंय! मग नियमांच्या पानावर एक शब्द वाढवायला काय जातं? ‘छायाचित्र निकषांत बसत नाही’ ऐवजी ‘वस्तू पूर्ण दिसत नाही’ लिहिलं असतं तर मी घरीच काय ते ओळखलं असतं, स्टुडिओचे पैसे वाचले असते. शेरा लिहिणाऱ्यालाही काही जास्त टंकावं लागलं नसतं. त्या पोराला मी काही बोलले नाही, त्या अख्ख्या इमारतीत कामाचा माणूस तोच निघाला. त्यानंच माझे आधीचे, घरी काढलेले फोटो पोर्टलच्या कोऱ्या पानाशेजारी लावून दाखवले. पान पांढरं होतं, माझी चादर सरळसरळ राखाडी.

ते का होतं हे नंतर भाचीनं समजावलं. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. समोर पांढरंच पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो फोटो काळवंडवतो. उपाय फुकटचा आहे. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरायचं, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवायचं. पार्श्वभूमी उजळेल, पण टाके पुसट व्हायच्या आत थांबायचं. फिकट पिवळं किंवा मोतिया टोपडं असेल तर फार सांभाळून, त्याच्या कडाच पांढऱ्यात विरून जातात. मी अर्जासाठी मोतिया बाद करून मरून, गडद निळं आणि मोरपंखी निवडलं.

चादरीचा नाद सोडा. स्टेशनरीच्या दुकानात पांढरा जाड कार्डशीट मिळतो, तो भिंतीला टेकवून खाली टेबलावर वळवून आणायचा, घडी पडू द्यायची नाही. मागं कोपऱ्याची रेघ दिसत नाही आणि सुरकुत्यांचा प्रश्न मिटतो. ट्यूबलाइट बंद. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की एका बाजूनं निळसर, दुसरीकडून भलताच रंग येतो. उजेड एका बाजूनं आला पाहिजे, म्हणजे प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि वीण कळते. फ्लॅश तर लावूच नका, स्टुडिओतल्या दिव्यांनी जे केलं तेच तो करतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की तिकडची सावली सौम्य होते. आमच्या पुढच्या खोलीची भिंत पोपटी आहे, तिथं काढलेल्या फोटोंत पांढऱ्यावर हिरवट छटा यायची. थर्माकोल भिंतीच्या बाजूला ठेवल्यावर गेली.

सोलापूरचं ऊन ही वेगळीच भानगड. फोटोला उत्तरेची खिडकी चांगली म्हणतात, थेट ऊन येत नाही म्हणून. पण आपल्याकडं उन्हाळ्यात सकाळी त्या खिडकीतही तिरकं ऊन घुसतं. मी खिडकीला ह्यांचा पांढरा पंचा टाचला, उजेड गाळून आला. दुपारी घराच्या खिडक्या उष्म्यानं बंदच असतात, म्हणून सकाळी आठ-नऊची वेळ धरली.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात चौकोनी फोटोचा पर्याय असतो, तोच लावून काढायचा. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडायची. मोबाइल वस्तूच्या नाकाशी नेला की गोंडा मोठा आणि टोपडं छोटं दिसतं. दोन हात लांब राहून जरा झूम करावा. टोपडं नुसतं ठेवलं की चपटं पडतं. आत पांढरा फुगा फुगवून घातला की छान बसतं. तीन फोटोंपैकी एक पूर्ण वस्तूचा, एक विणीचा जवळून, एक मोजपट्टी शेजारी ठेवून.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: फोटोआधी वस्तू धुऊन आकारात वाळवायची. सुती फडकं विणून झाल्यावर वेडंवाकडं दिसतं. ओलं करून जाड टॉवेलवर पसरायचं, चारी कोपरे ताणून न गंजणाऱ्या टाचण्या लावायच्या, वाळलं की सरळ. मी हे पाणी येण्याच्या दिवशी उरकते, मधल्या दिवसांत या कामाला कोण पाणी खर्च करणार. बाजारातली लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते, तिच्यावर कडक इस्त्री फिरवू नका. वीण कायमची मरते, पुन्हा उठत नाही. धाग्यांची टोकं आतल्या बाजूनं ओवून लपवायची, नाहीतर जवळच्या फोटोत तीच आधी दिसतात.

आणि फाइल. मोबाइलचा फोटो काही एमबीचा असतो, तो कमी करायला व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवायचा उद्योग करू नका, टाके मऊ पडतात. फोटोचा आकार १२०० बाय १२०० करा, मग दर्जा थोडा थोडा उतरवत ५०० केबीच्या आत आणा. भाचीला मूळ फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चौकोनी फोटो चढवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंजुरीचा मेसेज आला. मी तो जावेला, भाचीला आणि गल्लीतल्या ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही दाखवला. स्टॉलवर सुती फडकी आधी संपली, टोपडी नंतर, मोतिया टोपडं सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं.

पुढच्या अर्जाची तयारी म्हणून परवा त्यांचं नियमांचं पान उघडून बघितलं. ‘चौकोनी’ हा शब्द अजूनही कुठं नाही.