बाकीचे पैसे कसले?

मशीन दुरुस्त झालं नाही म्हणून माझ्या दुकानात फारशी भांडणं होत नाहीत. होतात ती दुरुस्त झाल्यावर. बंद पडलेला सीपीयू चादरीत गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात ठेवून आणणारा माणूस अगदी नरमलेला असतो. "काय ता कर, पैशांचा बघू नको." तोच माणूस स्क्रीनवर विंडोज उठलेली बघितली की खुर्चीत मागे रेलतो आणि विचारतो, "काय झालला ह्येका?" आता आपण जे सांगू त्यावर बिल तोललं जाणार, हे मला पुरतं ठाऊक असतं. छोटं कारण सांगितलं की "इतक्याच?", मोठं सांगितलं की "माका फसवतंस".

दुकान वेंगुर्ल्यात, दाभोली नाक्याच्या अंगाला. समुद्र जवळ आहे, म्हणजे धंदाही आहे. खारी हवा आणि पावसातला दमटपणा मिळून रॅमच्या पिवळ्या पट्ट्यांवर काळपट थर धरतात, यूएसबीच्या तोंडाला हिरवं चढतं, एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत पाल मरून पडलेली असते. मेच्या शेवटी वळीव येतो, वीज कडाडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅन पोर्ट, म्हणजे राउटरची वायर लावायची जागा, गेलेली मशिनं रांगेने येतात. राउटरची वायर कोणी काढून ठेवत नाही. दरवर्षी सांगतो, दरवर्षी तीच माणसं येतात. असो, माझंच पोट त्यावर आहे.

रॅमचं काम म्हणजे काढायची, खोडरबराने पट्टी पुसायची, स्लॉटमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ब्रश फिरवायचा, परत बसवायची. गिऱ्हाईक समोर उभं असतं. तीनशे म्हटलं की त्याची नजर बिलाकडे न जाता खोडरबराकडे जाते. यात गिऱ्हाईक निम्मं बरोबर आहे असं माझं मत आहे. ओळखीच्या माणसाकडून मी शंभरच घेतो, आणि पुढच्या वेळी घरी कसं करायचं तेही दाखवतो. स्लॉटच गंजला असेल तर गोष्ट वेगळी.

गणपतीत चाकरमानी येतात त्यांचं वेगळंच. "लॅमिंग्टन रोडला हे पाचशेत होतं." होत असेल. तिथे एका गल्लीत शंभर दुकानं, सुटा भाग हाकेच्या अंतरावर. इथे मला साधा लॅपटॉपचा बिजागर कोल्हापूरहून मागवावा लागतो आणि घाटात दरड आली की तो घाटावरच राहतो. मी हे सांगत बसत नाही. "मग परत जाताना तिथेच करून घ्या," म्हणतो. बरेचसे हसतात आणि ठेवून जातात, कारण मुलाला सुट्टीतही लॅपटॉप लागतो.

पण खरं सांगायचंय ते एका काजूवाल्या शेठबद्दल. नाव, गाव काही लिहीत नाही. छोटा कारखाना, बी भाजून, फोडून, सोलून माल बाहेर पाठवतात. ऑफिसात एकच डेस्कटॉप, त्यात टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, बॅकअप शून्य. ऐन सीझनला, म्हणजे बी-खरेदी चालू असताना, मशीन अडकायला लागलं. कुणीतरी शहाण्या भाच्याने चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन, लावून दिलं. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क लावू नये. ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कभर वाचत-लिहीत सुटतं आणि उरलासुरला जीवही जातो. माझ्याकडे आलं तेव्हा डिस्क टिक्-टिक् करत होती आणि स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा बघून मी आधी मशीन बंदच केलं.

त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं: नवीन एसएसडी (जुन्या डिस्कच्या जागी) 2,600, डेटा निघाला तर 3,000, विंडोज आणि टॅली बसवायचे 600. डेटा नाही निघाला तर डेटाचे शून्य. समोरून अंगठा आला. मी कामाला लागलो.

असा डेटा काढायला लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरतो. त्याची पद्धत मला आवडते. आधी जेवढं सरळ वाचता येतं तेवढं उचलून घ्यायचं, अडलेल्या जागा सोडून पुढे जायचं आणि मग मागे फिरून त्या अडलेल्या जागांशी झगडायचं. धडधाकट 500 जीबीची डिस्क दीड-दोन तासांत उतरते. हिचा वेग मधेच सेकंदाला काही केबीवर यायचा. त्यात संध्याकाळी वीज जायची. पण डीडीरेस्क्यू कुठवर आलो याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवत जातं, म्हणून वीज आल्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. डिस्क तापली की थांबवायची, पंख्याखाली ठेवायची, परत लावायची. रात्री लघवीला उठलो की खाली दुकानात येऊन आकडा बघायचो. टॅलीचं फोल्डर अख्खं निघालं. काही फोटो गेले, ते त्यांना नकोच होते.

शेठ आले, टॅली उघडली, मागच्या आठवड्यातली एंट्री दिसली, चेहरा खुलला. चहा मागवला, तोही त्यांनीच. मग बिल बघितलं आणि खिशातून पैशांच्या ऐवजी मोबाईल काढला. ऑनलाइन साइटवर तीच एसएसडी.

"ही हय तेवीसशेक गावता. मगे बाकीचे पैशे कसले?"

मी डेटाचं सांगितलं.

"अरे झिला, तू नुसतो बसान होतंस. काम मशीनान केल्यान."

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण उत्तर देताना आपणच ओशाळे होतो. मी फोन काढून तो मेसेज दाखवला, खालचा अंगठाही दाखवला. तर म्हणतात, "अंगठो म्हणजे मेसेज पोचलो. पैशे कबूल केलंय असा खय लिवलंय मी?"

आता यावर हसावं की रडावं. पण घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, माणूस लबाडी करत होता असंही नाही. त्यांच्या धंद्यात दर बोलून ठरतो, वजनकाट्यासमोर. काजूगर वजन करून दाखवता येतो, तुकडा किती, अख्खा किती हे वेगळं करता येतं. मी त्यांना दाखवायला काय होतं? त्यांचाच डेटा, जो त्यांच्या मते आधीपासून त्यांचाच होता. आपल्याच वस्तूचे पैसे दुसऱ्याला का द्यायचे, हा त्यांचा खरा सवाल होता, आणि तो त्यांनी बोलून दाखवला नाही इतकंच.

त्या दिवशी ते जुनी डिस्क मागून घेऊन गेले. ती मी दिली, ती त्यांचीच. सीपीयू मात्र ठेवून घेतला. जाताना म्हणाले, डेटा अडवून ठेवलास म्हणून पोलिसात जाईन.

मी आधी एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांचा प्रिंटर माझ्याकडेच येतो. त्यांनी 1872 चा करार कायदा काढला, कलम 170. दुसऱ्याच्या वस्तूवर तुम्ही मेहनत किंवा कसब वापरून काम केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. कायद्यात तिथेच उदाहरण दिलंय: कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, तर जवाहिऱ्याला पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवता येतो. मी खूश. पण साहेब पुढचं उदाहरण वाचायला लागले. कापड शिंप्याकडे दिलं, शिंपी म्हणाला कोट शिवून झाला की लगेच देतो आणि पैशांना तीन महिन्यांची मुदतही देतो. अशा शिंप्याला कोट अडवता येत नाही.

म्हणजे काय, तर "सावकाश द्या हो" हे तोंडातून गेलं की हक्क गेला. आणि हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणतो!

आणखीही अटी आहेत. काम ठरल्याप्रमाणे आणि वेळेत पुरं झालेलं हवं. अडवायचं ते त्याच वस्तूवरच्या कामासाठी. बापाच्या प्रिंटरचं जुनं बिल थकलंय म्हणून मुलीचा लॅपटॉप धरून ठेवायचा हे चालत नाही. बाजूचा मोबाईलवाला मला कायम तोच सल्ला देतो. मशीन एकदा हातातून दिलं की अडवायचा हक्कही संपला; मग राहिला फक्त दावा, तोही काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि ठेवून घेता येतं म्हणजे विकता येतं असं नाही. "तीन महिन्यांत न नेल्यास जबाबदारी नाही" असं पावतीवर छापलं म्हणून दुसऱ्याचं मशीन भंगारात घालता येत नाही.

मी विचारलं, दुरुस्ती नको म्हणून माणूस मशीन परत मागतो, तेव्हा तपासणीचे पैसे? साहेब नुसते हसले. तेव्हापासून तपासणीचे 300 मी मशीन उघडायच्या आधी घेतो. दुरुस्ती केली तर बिलातून वजा. यावर सुरुवातीला कुरकुर झाली, आता होत नाही. अंगठाही चालत नाही. "हो, करा" असं टाइप करून आलं तरच स्क्रू निघतो.

शेठ पोलिसात गेले नाहीत. त्यांचे हिशेबनीस आले, कारण जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं आणि टॅली माझ्या टेबलाखाली होती. त्यांनी पाच हजारात मिटवा म्हटलं. मी डेटाच्या तीन हजारांत एक रुपया कमी केला नाही; बसवायचे सहाशे सोडले. का, तर ते काम खरंच मशीनच करतं. 5,600 आले, साउंडबॉक्सने मोठ्याने सांगितलं, हिशेबनीस सीपीयू रिक्षात घालून गेले. शेठ नंतर बाजारात भेटले, बोलले, जेवढ्यास तेवढं.

काही जण म्हणतात, अडवायची भानगडच कशाला, मशीनमध्ये आपला रिमोट, म्हणजे दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, ठेवून द्यावा. पैसे नाही आले तर घरबसल्या लॉक. असं करणारे आहेत. मला हे साफ नापसंत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये ते सरळ बसतं, मालकाला त्याच्याच कॉम्प्युटरपासून रोखणं. टेबलाखाली उघड ठेवलेला सीपीयू आणि चोरून घातलेलं कुलूप यात फरक आहे. डेटाची माझ्याकडची कॉपी मी पैसे आल्यावर पंधरा दिवस ठेवतो, नंतर पुसतो, आणि पुसल्याचा मेसेज टाकतो.

उधारी बंद करा, असं वाचणाऱ्यांतले शहरातले लोक म्हणतील. इथे पैसा ऋतूप्रमाणे येतो. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला, मच्छीमाराच्या घरात रोकड नाही. बागायतदाराचा पैसा आंबा गेल्यावर. "चवथीक देतंय" म्हणणारा बहुतेक वेळा चवथीला देतोही. त्यांना मी कोट शिवलेल्या शिंप्याप्रमाणे देऊन टाकतो, मला आता माहीत असतं मी काय सोडतोय. पैशांऐवजी आंब्याची पेटी मात्र घेत नाही. मे महिन्यात वेंगुर्ल्यात कोणाच्या घरी आंबा नसतो? एका वर्षी घरात इतक्या पेट्या साठल्या की बायको म्हणाली, आता कोणी बिलाचे फणस आणून देणार नाही ना ते बघा.

शाळा आणि कार्यालयं यांच्या बिलांवर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्यात 45 दिवसांत पैसे देण्याचं आहे, उद्यम नोंदणी मी केलेलीही आहे. पण समोरचा क्लार्क स्वतःच अनुदानाची वाट बघत बसलेला असतो, त्याच्याशी काय भांडायचं. मार्चला येतात.

आता कामाचं. मागच्या मांडणीवर बेवारस मशिनं झाली आहेत आणि वर सांगितल्याप्रमाणे मी ती विकू शकत नाही, म्हणून धूळ पुसत बसलोय. शिरोड्याचा पांढरा कॅबिनेट, आतून मुंग्यांचं वारूळ साफ करून ठेवलंय, 700 रुपये. उभादांड्याचा काळा एचपी लॅपटॉप, कीबोर्ड बदललाय, 1,800. चार्जर माझ्याकडे नाही, तो तुम्ही दिलाच नव्हता, पावतीवर तसं लिहिलंय. तुळशीचा एक मॉनिटर, त्याला काहीच झालं नव्हतं, वायर सैल होती, पैसे नकोत, फक्त घेऊन जा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.