तीन वाजायच्या आत

नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या एनएचएलमध्ये, मार्चच्या सुरुवातीला ट्रेड डेडलाइनचा दिवस येतो. त्या दिवशी पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीननंतर दुसऱ्या संघाकडून आणलेला खेळाडू त्या मोसमात मैदानात उतरवता येत नाही. 2025 साली ही मुदत 7 मार्चला होती. मी अशाच एका संघाच्या विश्लेषण विभागात काम करतो. संघाचं नाव सांगणार नाही, नोकरी टिकवायची आहे.

आमचा संघ म्हातारा झाला होता. एकेकाळी करंडकासाठी लढलेली फळी तशीच, पण पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे. खालून येणारी पोरं मोजकी. 32 संघांपैकी 16 प्लेऑफला, म्हणजे करंडकासाठीच्या बाद फेऱ्यांना, जातात आणि आम्ही त्या रेषेच्या जरा खाली लोंबकळत होतो. या जागेसारखी वाईट जागा नाही. आशा सोडवत नाही आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, तळाच्या संघांसारखा वरचा नंबरही मिळत नाही.

त्यामुळे सकाळच्या बैठकीत दोन तट पडणार हे ठरलेलंच होतं. मुख्य स्काउटचं, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्याचं, म्हणणं एकच : सगळे विका, दोन-तीन वर्षं मार खा, वरचे पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) घ्या, नवा संघ बांधा. कोचला हे ऐकूनच घाम फुटतो, कारण मार खाण्याच्या त्या वर्षांत पहिला बळी कोचचाच जातो. जनरल मॅनेजर (जीएम) दोघांचं ऐकून घेत होता आणि मधूनमधून माझ्या लॅपटॉपकडे बघत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रीबिल्डवर, म्हणजे असा नवा संघ बांधण्यावर, तावातावानं बोलणारे बहुतेक जण वय बघतात, करार वाचत नाहीत. त्या मोसमात सॅलरी कॅप 8 कोटी 80 लाख डॉलरची होती. संघाचा सगळा पगार तेवढ्यात बसवायचा. खेळाडू विकताना त्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंतचा बोजा आपल्याकडे ठेवता येतो, मग गिऱ्हाईक मिळतं. पण असे बोजे एका वेळी तीनच. शिवाय मोठ्या खेळाडूंच्या करारात नो-मूव्ह कलम असतं. त्याच्या परवानगीशिवाय त्याला हलवता येत नाही. म्हणजे ‘सगळे विका’ म्हणणाऱ्याच्या हातात खरंतर यादीतली दोन-तीन नावंच असतात.

आमच्याकडे विकण्याजोगी दोन होती. पहिला तेहतीस वर्षांचा डिफेन्समन. करार उन्हाळ्यात संपणार, म्हणजे 1 जुलैला तो मोकळा आणि आमच्या हाती शून्य. त्याच्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसरा आमचा कर्णधार, सेंटर म्हणजे मधला फॉरवर्ड, छत्तीस वर्षांचा, अजून एका वर्षाचा करार, नो-मूव्ह कलमासकट. त्याच्यासाठी दोन संघांनी विचारणा केली होती, आणि एकानं पहिल्या फेरीचा पिक देऊ केला होता. या वयाच्या माणसासाठी हा भाव चढाच म्हणायचा.

परवानगी त्याचीच लागणार, म्हणून सकाळचा सराव आटोपल्यावर जीएमनं त्याला वर बोलावलं. अशा वेळी मी खोलीबाहेर जातो. त्या दिवशी कर्णधारच म्हणाला, “याला बसू दे. याचा आलेख बघायचाय मला.”

जीएमनं मान हलवली. मी आलेख उघडला. वय आडवं, कामगिरी उभी. फॉरवर्ड खेळाडूंची रेष विशीच्या मध्यावर सगळ्यांत उंच, तिशीपर्यंत हळूहळू उतरते, नंतर उतार वाढतो. छत्तिशीच्या पुढे मात्र ती चमत्कारिक सपाट होते. त्या शेपटावर बोट ठेवून त्यानं विचारलं, “इथे किती जण आहेत?”

थोडेच, मी म्हणालो.

“आणि बाकीचे?”

बाकीचे लीगमध्ये राहिलेलेच नसतात. ज्यांचा वेग गेला ते चौतिशीत, पस्तिशीत घरी बसतात. सदतीसव्या वर्षी खेळताना दिसतात ते उरलेले पट्टीचे, आणि सरासरी निघते ती त्यांचीच. आमच्या धंद्यातला हा जुना सापळा; अहवालाच्या तळटीपेत तो मी नेहमी लिहितो आणि कोणीही वाचत नाही. पण ज्याच्या पोटावर पाय येणार आहे तो माणूस आपणहून तिथे बोट ठेवेल, असं मला वाटलं नव्हतं. ती सपाट शेपटी त्याच्याच फायद्याची होती, वरचे आकडे त्याच्या बाजूनं फुगलेले होते, आणि तोच ते उघडं करत होता!

मग त्यानं दुसरं काही मागितलं. संघातला बावीस वर्षांचा दुसरा सेंटर, ज्याच्यावर आमची पुढची दहा वर्षं उभी आहेत, तो कोणासमोर खेळतो? मी आकडे काढले. प्रतिस्पर्ध्यांची सगळ्यांत तगडी लाइन (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) जवळजवळ रोज कर्णधाराच्या वाट्याला. आपल्या गोलपोस्टजवळचे फेसऑफही (खेळ सुरू करताना पकसाठी होणारी दोघांची झटापट) त्याच्याच. पोराला मिळतात हलके सामने आणि समोरच्या टोकाकडून होणारी सुरुवात. पोराचे गोल वाढलेले दिसतात आणि कर्णधाराचे घटलेले, यातला बराचसा हिशेब या वाटणीचा होता.

“मी गेलो की उद्यापासून ते सगळं त्याच्यावर,” तो म्हणाला. “पेलेल त्याला?”

जीएम गप्प. मीही. अशा उत्तराला आलेख नसतो, फक्त उदाहरणं असतात. बफेलोनं ड्राफ्टमध्ये 2015 साली दुसऱ्या क्रमांकावर आयकेल घेतला, 2018 मध्ये पहिल्या क्रमांकावर डालीन, 2021 मध्ये परत पहिल्या क्रमांकावर पॉवर. आणि तरी 2011 नंतर 2025 पर्यंत त्यांनी प्लेऑफ बघितला नाही. एखादा संघ एवढा काळ का गाळात राहतो याला डझनभर कारणं असतात, पण वरचे पिक मिळाले की सगळं आपोआप सुरळीत होतं ही समजूत तरी तिथे निकालात निघते. उलट वॉशिंग्टननं 2023 च्या डेडलाइनला ऑर्लोव्ह आणि हॅथवेला बॉस्टनला देऊन टाकलं, आपल्या कर्णधाराला, ओव्हेचकिनला, हात लावला नाही, त्याच्या आजूबाजूची माणसं बदलत नेली. 2024-25 मध्ये ते 111 गुण घेऊन पूर्वेत पहिले आले, आणि 6 एप्रिल 2025 ला एकोणचाळीस वर्षांच्या ओव्हेचकिननं 895 वा गोल मारून ग्रेट्झकीचा लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. (हे आमच्या बैठकीनंतर महिन्यानं घडलं, त्या दिवशी माझ्याकडे हा शेवटचा मुद्दा नव्हता.)

कर्णधारानं परवानगी दिली नाही. पण जाताना म्हणाला, पुढच्या मोसमात मला तिसऱ्या लाइनवर टाकायचं असेल तर टाका, मला वर्तमानपत्रातून कळू नये एवढंच. मुख्य स्काउट नंतर माझ्यावर उखडला. पहिल्या फेरीचा पिक आपण लाथाडला असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं नाही. तो पिक देणारा संघ वरच्या पाचांत होता, म्हणजे आमचा नंबर पहिल्या फेरीच्या शेपटाला लागला असता. तिथला अठरा वर्षांचा मुलगा वर यायला तीन-चार वर्षं, आला तर.

डिफेन्समनचं मात्र झालं. निम्मा पगार आमच्याकडे ठेवला, बदल्यात एक होतकरू तरुण विंगर (कडेचा फॉरवर्ड) आणि 2026 चा तिसऱ्या फेरीचा पिक; घेणाऱ्या संघानं प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या तर तो दुसऱ्या फेरीचा होणार. तीनला वीस मिनिटं कमी असताना दोन्ही जीएम लीगच्या कार्यालयाच्या फोनवर होते. अटी एकेक करून वाचायच्या, कॅपचा हिशेब जुळला की तिकडून होकार येतो. तोवर सगळं तोंडी. शेजारच्या खोलीतून जीएमनं आधी त्या खेळाडूला फोन केला, कारण हल्ली अशी बातमी बायकोला मोबाइलवर नवऱ्याच्या आधी दिसते.

तीन वाजून गेल्यावरही बातम्या येत राहिल्या. तीनच्या आत नोंदवलेले व्यवहार रांगेतून एकेक बाहेर पडत असतात. त्यातच बॉस्टननं आपला कर्णधार मार्शंड फ्लोरिडाला दिल्याचं कळलं. तोही छत्तीसचा, तोही सबंध कारकीर्द एकाच संघात घालवलेला, आणि त्या वेळी जायबंदी. त्याच दिवशी बॉस्टनचे कॉइल आणि कार्लोही गेले. आमच्या खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही, मग स्काउट म्हणाला, “बघा, अशी छाती लागते.” पण मार्शंडचा करार संपत आला होता. आमच्या कर्णधाराचा नव्हता. माझ्या लेखी फरक तेवढाच आणि तो पुरेसा.

आम्ही प्लेऑफला गेलो नाही. मे महिन्यात ड्राफ्टचे नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत शेवटचा आलेला सॅन होजे दुसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला आणि पहिला नंबर न्यू यॉर्क आयलंडर्सना लागला, ज्यांची शक्यता 3.5 टक्के होती. शेवटून पहिला येऊनही पहिल्या नंबरची शक्यता 25.5 टक्क्यांचीच असते, हे स्काउटला मी त्या दिवशी परत सांगितलं नाही. त्यालाही ते पाठ आहे.

जूनमध्ये फ्लोरिडानं करंडक जिंकला, मार्शंडनं प्लेऑफमध्ये दहा गोल मारले, आणि बॉस्टनला त्याच्या बदल्यात मिळालेला दुसऱ्या फेरीचा पिक अटीप्रमाणे पहिल्या फेरीचा झाला. आमचा गिऱ्हाईक संघ पहिल्याच फेरीत बाद झाला होता. तिसऱ्या फेरीचा पिक तिसऱ्या फेरीतच राहिला.