तुम्ही विचारलंत म्हणून: तरुणांना रस्त्यावर उतरायची एवढी घाई का असते?

मी नागरिकशास्त्र शिकवते. त्यामुळे जगात कुठेही तरुणांचे आंदोलन पेटले की ओळखीची माणसे मला हमखास विचारतात, की या मुलांना रस्त्यावर उतरायची एवढी घाई का असते, आणि ज्या विषयासाठी ती घोषणा देतात तो त्यांना कळतो तरी का? विचारणाऱ्यांची काळजी खरी असते. अनेकांची स्वतःची मुले त्याच वयाची असतात. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक तरुणांना अशांतता नको असते. वर्गात हा विषय निघाला की परीक्षा लांबेल, गुन्हा नोंदला गेला तर पुढे नोकरी मिळणार नाही, गर्दीत मार बसेल, अशा भीती मुले स्वतःहून बोलून दाखवतात. घाई आपल्याला दिसते, कारण मोर्चा निघाल्यावरच आपले लक्ष तिकडे जाते. त्याआधी महिनोन्‌महिने दिलेली निवेदने आपण वाचलेली नसतात. १६ जून १९७६ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील शाळकरी मुले मोर्चाने निघाली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला, एवढे अनेकांना ठाऊक असते. पण गणित आणि समाजशास्त्रासारखे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून शिकवण्याची सक्ती आधीच लादली गेली होती, आणि त्या मोर्चाच्या कित्येक आठवडे आधीपासून काही शाळांतील मुले वर्गांवर बहिष्कार घालून आपले म्हणणे मांडत होती, हा भाग फारसा सांगितला जात नाही.

विषय कळतो का, या शंकेवर मी चिलीचे उदाहरण देते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या राजधानीच्या, सान्तियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या तिकिटाला ही वाढ लागू नव्हती. तरीही स्थानकांतील अडथळ्यांवरून उड्या मारून विनातिकीट जाण्याची मोहीम सुरू केली ती शाळकरी मुलांनीच, कारण ज्यांना ते भाडे भरावे लागणार होते ते त्यांचे आईवडील होते. काही दिवसांतच भाडेवाढ मागे घेण्याची घोषणा झाली, पण आंदोलन थांबले नाही. ‘३० पेसो नव्हे, ३० वर्षे’ ही त्या वेळची घोषणा होती आणि तिचा रोख हुकूमशाही संपल्यानंतरच्या तीन दशकांत साचत गेलेल्या विषमतेवर होता. ज्यांना विषय कळत नाही त्यांना अशी घोषणा सुचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर मला सांगितले जाते की मताचा अधिकार दिला आहे, तो वापरावा. हे मला मान्य आहे. भारतात ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि ऑस्ट्रियाने तर २००७ मध्ये ते १६ केले. परंतु मत काही वर्षांतून एकदा द्यायचे असते आणि मधल्या काळात घेतलेले निर्णय तरुणांना सर्वांत जास्त वर्षे भोगायचे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील १२वे कलम म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. मुलाशी संबंधित बाबींत त्याला मत मांडू द्यावे, इतकेच म्हणून ते थांबत नाही; त्याचे वय आणि समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यावे, असेही सांगते. बोलू देणे सोपे असते, वजन देणे कठीण जाते, आणि तरुणांची बहुतेक तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल असते.

हिंसेचे समर्थन मी करत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये समाजमाध्यमांवर बंदी आली, ८ तारखेला निदर्शकांवर गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला, पण त्याच दिवशी संसदेबरोबर सर्वोच्च न्यायालयही जाळले गेले. न्यायालयात ज्यांच्या खटल्यांचे कागद होते त्यांचे नुकसान कोणत्याही मागणीने भरून निघत नाही, हे मी मुलांना तितक्याच ठामपणे सांगते. मात्र जाळपोळ दाखवून आधीच्या दिवशी मारल्या गेलेल्यांचे म्हणणेच खोटे ठरवणे, हेही मला तितकेच अन्यायाचे वाटते.

शाळेसमोरच्या रस्त्यावर गतिरोधक हवा, यासाठी माझ्या वर्गाने दोन वर्षांपूर्वी अर्ज केला. मुलांनी आठवडाभर वाहने मोजली, नकाशा काढला, सर्वांनी सह्या केल्या आणि अर्जाची पोच जपून ठेवली. त्यानंतर दोन स्मरणपत्रे गेली, उत्तर मात्र आजपर्यंत आलेले नाही. अर्ज लिहिणारी मुले शाळा सोडून गेली आहेत आणि तिसरे स्मरणपत्र यंदाचा वर्ग लिहीत आहे. याचेही उत्तर आले नाही तर पुढे काय करायचे, असे एका मुलीने मागच्या आठवड्यात विचारले. आपला अर्ज सध्या कोणाकडे आणि कोणत्या कारणाने थांबला आहे हे लेखी विचारायचे, असे मी तिला सांगितले. ती आता ते पत्र लिहीत आहे.