खुर्ची मोडलं

मे संपत आला की आमच्याकडे शाळेची गडबड सुरू होते. पलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजची पोरं अजून सुट्टीत हुंदडत असतात तेव्हा आमच्या बेळगाव-खानापुरात शाळांच्या दारांना आंब्याची तोरणं लागलेली असतात. यंदा माझ्या ओळखीतल्या तिघीजणी पहिल्यांदाच वर्गावर उभ्या राहणार आहेत, त्यातल्या दोघी अतिथी शिक्षिका म्हणून, आणि रोज एकीचा तरी फोन असतोच, अक्का काय तयारी करू, चार्ट करू का, पहिल्या दिवशी काय शिकवू. तिघींना तेच तेच सांगण्यापेक्षा इथे लिहून टाकते म्हटलं.

चार्ट नंतर करा गं. आधी वर्गातलं प्रत्येक पोर घरी काय बोलतं ते बघा.

हे मला डीएडला कोणी सांगितलं नव्हतं. पाठाचं टाचण कसं काढायचं, फळ्यावर सरळ रेषेत कसं लिहायचं, सगळं शिकवलं, पण हे नाही. माझी पहिली शाळा खानापूर तालुक्यातल्या एका गावातली सरकारी मराठी शाळा. बोर्ड मराठी शाळेचा, पुस्तकं मराठी (कर्नाटक सरकार मराठीतही पुस्तकं छापतं, महाराष्ट्रातल्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं), म्हणून मी धरूनच चालले की मुलं मराठी. पाचवीत २७ जण होते. खरा हिशोब कळायला मला जवळजवळ तीन महिने लागले. १७ घरी मराठी बोलणारे, ५ जणांच्या घरी दखनी (इकडची उर्दू), दोघं भाऊ गोव्याकडच्या बाजूचे म्हणून घरी कोकणी, आणि तिघं कन्नड. त्या तिघांचे आईबाप बैलहोंगलकडून वीटभट्टीच्या कामाला आलेले, जवळची शाळा हीच, म्हणून इथे घातलेले.

आणि ते १७ तरी पुस्तकातलं मराठी कुठे बोलत होते. आमच्या भागात पोरीबाळी सुद्धा "मी आलो", "मी जातो" म्हणतात, मीही तसंच बोलत वाढले, माझी आई अजून तसंच बोलते. डीएडला माझं ते बोलणं दर वेळी सगळ्यांसमोर दुरुस्त व्हायचं. ते मला किती लागायचं हे मला आठवत होतं, आणि तरी वर्गावर उभी राहिल्यावर मी तेच केलं.

त्या तिघा कन्नड मुलांपैकी एक मुलगी मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची. जूनमध्ये बोलायची. "टीचर, खुर्ची मोडलं." "टीचर, आज भाकरी आणलं नाही." मी लगेच म्हणायचे, मोडली. आणली. परत म्हण. ती परत म्हणायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच, मला वाटायचं लक्ष देत नाही. वहीत तर लाल पेनने पानं भरून टाकलेली मी. गणपतीच्या सुट्टीपर्यंत तिचं बोलणं बंद झालं. विचारलं की उभी राहायची, खाली बघायची, बसायची. मी रजिस्टरला "मागे पडते" म्हणून तिची नोंद केली, ती नोंद आठवली की आजही मला वाईट वाटतं.

त्याच दिवसांत पाच ओळी लिहायला दिल्या होत्या, माझी ताई. तिने लिहिलं होतं की माझं ताई ३० वर्षाचं आहे, ताई वीट उचलतं, ताईचं हात दुखतं, मी ताईजवळ झोपते. मी ३० वर खूण केली, एवढी मोठी ताई कशी असेल म्हणून. शेजारच्या वर्गाच्या मॅडमनी वही बघितली आणि म्हणाल्या, अहो कन्नडमध्ये ताई म्हणजे आई. घरी ही पोरं अव्वा म्हणतात, पण पुस्तकी कन्नडात ताईच. म्हणजे तिने आईवर लिहिलं होतं. पाच ओळींत आईचे दुखरे हातसुद्धा लिहिले होते, आणि मी त्यावर लाल गोल केला होता.

पण खरं डोळे उघडले ते कन्नडच्या तासाला. आमच्याकडे कन्नडला शिक्षक नव्हते म्हणून तो तासही माझ्याकडेच आला, मी स्वतः शाळेत कन्नड शिकलेली, वाचता येतं, पण माझ्या जिभेला मराठीचं वळण. धड्यात वाक्य होतं, रैतनु बेळे बेळेदनु, शेतकऱ्यानं पीक काढलं. मी वाचलं, आणि मागून आवाज आला, "टीचर, अदु बेळे अल्लरी, बेळे." म्हणजे ते बेळे नाही हो, बेळे. मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. मी म्हटलं तेच तर म्हणतेय. ती उठून फळ्यापाशी आली, महिनाभर गप्प असलेली पोर, खडू घेतला आणि दोन शब्द एकाखाली एक लिहिले. कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक आखूड, एक लांब, अक्षरं पण वेगळी. आखूड ए लावून बेळे म्हणजे पीक. लांब ओढून बेऽळे म्हणजे डाळ. मराठीत असा फरक लिहायची सोयच नाही म्हणून आपला कान तो पकडत नाही, मी आपली शेतकऱ्याला शेतात डाळ पिकवायला लावत होते. तिने माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. चौथ्या वेळी मान हलवली, हां, आता बरोबर.

त्या रात्री मी बसून विचार केला की हिला मराठीत जे जमत नाही ते असंच काहीतरी असणार. आणि ते तसंच होतं. कन्नडमध्ये माणूस पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, आणि खुर्ची, भाकरी, टेबल, गाडी सगळं नपुंसक. तिच्या हिशोबाने खुर्ची मोडलं हेच बरोबर होतं, ती नियम पाळत होती, फक्त नियम घरचा होता. आपल्या मराठीत भाकरी ती आणि भात तो, का म्हणून विचारलं तर मला तरी कुठे सांगता येतंय. जे कारण सांगून समजत नाही ते कानावर पडून पडूनच येतं, त्याला वेळ लागतो, लाल पेनने तो वेळ कमी होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक साधी दोनशे पानी वही केली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात घरची भाषा, तिसऱ्यात नेहमी होणारी चूक, चौथ्यात ती चूक कुठून आली. चौथा रकाना भरायला मला वर्ष गेलं. त्यासाठी मधल्या सुट्टीत पोरांच्यात बसावं लागलं, संध्याकाळी गेटवर थांबून आयांशी बोलावं लागलं. मीटिंगला त्या येत नाहीत, रोजंदारी बुडते, पण गेटवर "ऊटा आतेन्री" एवढं विचारलं तरी त्या थांबतात, जेवण झालं का म्हणून कोणी विचारलं की माणूस थांबतंच.

फळ्याचा एक कोपरा सगळ्या भाषांना दिला. रोज एक वस्तू. कांदा काढला त्या दिवशी मजा आली, मराठी कांदा, दखनीवाल्यांचा प्याज, आणि कन्नडच्या पुस्तकात ईरुळ्ळी. तर ती तिघं म्हणाली आम्ही ईरुळ्ळी म्हणतच नाही, आमच्यात उळ्ळागड्डी. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या पुस्तकातही त्यांच्या घरचा कांदा नाही. हे ऐकल्यावर आमची गावची मराठी पोरं एकदम बोलायला लागली, की टीचर आमच्या घरचे शब्द पण पुस्तकात नाहीत. तास संपला तरी थांबेनात. त्या दिवसानंतर वर्गात हसणं कमी झालं, म्हणजे एकमेकांच्या बोलण्याला हसणं.

नवीन पोरींनो, अजून एक. जेवणाच्या वेळी तिथेच थांबा, ऑफिसात जाऊ नका. अंड्याच्या दिवशी काहींना अंडं, काहींना केळं, यादी घरच्यांना विचारून केलेली असते. एकदा केळ्याच्या यादीतला एक मुलगा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला मला अंडं पाहिजे. मी दिलं नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. घरच्यांना न विचारता देणं मला पटलं नाही, आणि अजूनही मी तेच करेन, पण त्याला सगळ्यांसमोर "तुझं नाव केळ्यात आहे" असं मोठ्याने सांगितलं नाही, बाजूला नेऊन सांगितलं.

१ नोव्हेंबरबद्दल पण विचारतात. एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, एकीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, इथे जन्मलेल्या प्रत्येकाचं काहीतरी मत असतं, माझंही आहे, घरी आहे. वर्गात त्या दिवशीही २७ मुलं तीच असतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसायची असतात. एवढं मात्र लक्षात ठेवते की १९५६ ला भाषेवर राज्यं झाली त्याच वर्षी घटनेत ३५०-अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्याने करावी म्हणून. आमची मराठी शाळा त्याच हक्कावर उभी आहे असं मी मानते. मग माझ्याच वर्गात कन्नड मूल एकटं पडलं तर त्याची भाषा सांभाळायचं काम माझ्याकडे येतं.

आणि हो, कन्नड नीट शिका. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचं प्रत्येक सुत्तोले, म्हणजे सर्क्युलर, कन्नडमध्येच येतं, दुसऱ्याकडून वाचून घेत किती दिवस काढाल. घाबरू नका, हाजरी, माहिती, रजे असे निम्मे शब्द आपलेच वाटतात.

ती मुलगी सातवीपर्यंत आमच्याकडे होती, मग भट्टी संपली आणि ते लोक गेले. जायच्या दिवशी तिची आई गेटवर आली होती, "होगि बर्तीन्री" म्हणाली. मुलगी मध्येच म्हणाली, "टीचर, अव्वा म्हणती जाऊन येतो." मी म्हटलं कळलं गं मला. म्हणती, असं म्हणाली ती, म्हणतं नाही. मी काही बोलले नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिले.

यंदाच्या यादीत दोन लमाणी मुलांची नावं आलीत, ऊसतोडीला आलेल्या घरातली. त्यांच्या बोलीतला एक शब्द मला येत नाही. वहीत एक पान जास्तीचं आखून ठेवलंय, पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसणार आहे.