भरलेली बाटली

जुलैतला धो धो पाऊस. सातवीतल्या एका मुलाची आई त्याला घेऊन भिजतच शाळेत आली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली.

"मॅडम, सकाळी भरून देते, संध्याकाळी तशीच परत येते. काल लघवीला जळजळ म्हणून डॉक्टरकडं नेलं. पोरगं पाणीच पीत न्हाई म्हणाले."

मी त्याला व्हरांड्यात नेलं. तो अडखळत बोलतो. मी मध्ये न बोलता थांबले.

"पा... पाणी प्यालं की जा... जायला लागतंय."

वर्गातली तिघं मुतारीची कडी बाहेरून लावायची. न अडखळता स्वतःचं नाव सांगितलं, तरच काढायची. नावाचं पहिलंच अक्षर त्याला अडतं. जूनपासून हे चाललं होतं.

माझ्या पोटात गोळा आला. एकदा हजेरी घेताना घाईत मीच त्याचा शब्द पुरा केला होता. वर्ग हसला आणि मीही हसले होते. बाईच हसल्या म्हटल्यावर पोरांना आणखी कुणाची परवानगी हवी? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारायला मनाई करतं, तशी मानसिक छळालाही. २००९ चा कायदा. आम्ही मात्र तो छडीपुरताच लक्षात ठेवला.

तिघांतला म्होरक्या मीच नेमलेला मॉनिटर. बाकीचे दोघं रडत म्हणाले, "कडी लावली नसती तर आमचा नंबर लागला असता." म्होरक्याच्या वडलांना बोलावलं. ऐकून घेता घेताच त्यांनी हात उगारला. हात खाली यायच्या आत पोराचं कोपर कानावर गेलेलं होतं. ती सवय एका दिवसाची नव्हती. मी मध्ये उभी राहिले. पोराला बाहेर बसवलं आणि तासभर त्या बापाशीच बोलले. त्या पोराला सोडून द्यायचं नव्हतं, पण घरी नेऊन बडवला असता तर त्याचं उट्टं दुसऱ्या दिवशी पुन्हा मुतारीतच निघालं असतं.

हेडसरांनी त्याच दुपारी शिपाईमामांकडून बाहेरच्या कड्या काढून घेतल्या. मॉनिटर आता आठवड्याला बदलतो. हजेरीला सगळा वर्ग नुसता हात वर करतो.

तो मुलगा मधल्या सुट्टीत अजून माझ्या टेबलाजवळच डबा खातो. बाटली रोज अर्धी तरी घरी परत जाते.