आमची वाटचाल: हापूसच्या कलमांपासून ब्लूबेरीच्या पिशवीपर्यंत

पावसजवळच्या कातळावर, चिऱ्याच्या गडग्याआड बाबांनी सुरू केलेली ही नर्सरी मूळची हापूसच्या कलमांची. चार महिने विक्री, आठ महिने पाणी घालणं, असा धंदा. एकदा गणपतीत आलेल्या चाकरमान्याने विचारलं, "ब्लूबेरी ठेवता का?" आई हसली. "सड्यावर करवंदं फुकट आहेत की!"

माझ्या मात्र डोक्यात ते बसलं. ब्लूबेरीच्या बऱ्याच जातींना फळासाठी सात अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात. आमच्याकडे सात अंश फक्त फ्रीजमध्ये. पण 1998 साली अमेरिकेत आलेल्या 'बिलॉक्सी' जातीला थंडी फारच कमी लागते. तिची वीस रोपं मागवली.

या झाडाला 4.5 ते 5.5 सामूची (सामू म्हणजे pH; सातच्या जितका खाली, तितकी माती आंबट) आंबट माती हवी. जांभ्याची माती आंबटच, म्हणून मी निर्धास्त. रोपं नव्या सिमेंटच्या कुंड्यांत लावली. महिन्याभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडलं म्हणून फवारलं, काही फरक नाही. शेवटी सामू मोजला तर सातच्या वर! सिमेंटमधला चुना मातीत उतरत होता, विहिरीचं पाणी जड होतं, आणि आई भाजीला घालते तशी चुलीची राख रोज सकाळी या कुंड्यांनाही मूठमूठ घालत होती. चौदा रोपं गेली. आईला काय बोलणार, तिने मायेनेच घातली होती.

आता आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत कोकोपीट, थोडी जांभ्याची माती आणि कुजका पालापाचोळा भरतो. गंधक लावणीच्या दोन-तीन महिने आधी मिसळतो. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला तेवढा वेळ लागतोच. पाणी पागोळ्यांचं साठवलेलं. केसासारख्या बारीक मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, त्यामुळे जूनपासून पिशव्या छपराखाली.

पहिल्या फळांची जेमतेम वाटी भरली, त्यातली निम्मी बुलबुलांनी नेली. तेव्हापासून जाळी आहे. फळ निळं दिसलं तरी देठाजवळ लालसर असेल तर आंबट लागतं. आणखी चार दिवस ठेवावं.

रोप आम्ही मातीच्या पिशवीसकटच विकतो. बाग करायची म्हणणाऱ्याला आधी नाही म्हणतो, मग चहा देतो. आईची राख सध्या फक्त पडवळाला.